प्रतिसाद: पाहुण्यांच्या पगारातून काय कापतात?

वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेत बाहेरचे लोक जातात ते फुकटच्या सरकारी मदतीसाठी. एच-१बीवाल्यांपुरतं, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्यांपुरतं तरी चित्र उलटं आहे. सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के पगारातून कापले जातात, तेवढेच कंपनीही भरते. पेन्शनसाठी मात्र ४० क्रेडिट्स, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम लागतं, आणि व्हिसाची नेहमीची मुदत आहे ६ वर्षं! दोन्हीकडच्या कामाची वर्षं एकत्र धरण्याचा करार भारत-अमेरिकेत नसल्यामुळे तेवढ्यात पुण्याला परतलेल्याचे पैसे तिकडेच राहतात. ग्रीन कार्ड मिळालं तरी १९९६च्या कायद्यामुळे फूड स्टॅम्प (गरिबांना धान्य-किराण्यासाठी मदत), मेडिकेड (गरिबांसाठी सरकारी आरोग्य विमा) यांसाठी बहुतेक प्रौढांना ५ वर्षं थांबावं लागतं. पाहुणा म्हणायचं आणि जेवणाचे पैसे आधीच कापून घ्यायचे, असला हा प्रकार.

नवीन नाही हे. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून 'ब्रासेरो' शेतमजूर नेले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतले १० टक्के 'बचत' म्हणून कापले, गावी परतल्यावर मिळतील म्हणून. अनेकांना ते मिळालेच नाहीत. म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

बाहेरच्यांच्या मुलांमुळे सरकारी शाळांवर भार पडतो, हा मुद्दा मात्र खरा आहे. १९८२च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे देशात राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत घ्यावंच लागतं. खर्च मुख्यतः राज्यावर आणि गावावर पडतो, पगारातून कापलेला पैसा जातो वॉशिंग्टनला, केंद्र सरकारकडे. भांडण लावायचंच तर ते या दोघांत लावा.