मिआताच्या आतल्या बारीकसारीक कुरबुरी (अनुभव धागा)

उघडा_टप (धागाकर्ता):

माझदा एमएक्स-५, म्हणजेच मिआता, ही दोन सीटची, छत (टप) उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार भारतात अधिकृतपणे विकली जात नाही. पण अमेरिका, ब्रिटन, न्यूझीलंडकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींत ती बाळगणारे आहेत, आणि ‘घ्यावी का’ असं विचारणारेही. इंजिन आणि वळणांवर पुष्कळ लिहून झालंय. रोज आत बसल्यावर काय खुपतं आणि त्यावर काय करता येतं, ते एका जागी यावं म्हणून हा धागा.

लिहिताना पिढी जरूर सांगा: एनए (१९८९ पासून), एनबी (१९९८), एनसी (२००५), एनडी (२०१५). नुसतं ‘वाईट आहे’ नको. ते तसं का आहे, उपाय काय, आणि उपाय करताना काय फसतं, तेही लिहा.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. २०१६ची अमेरिकेतली मॅन्युअल एनडी साधारण १०५८ किलोची आहे. ग्लोव्हबॉक्स, रुंद आर्मरेस्ट आणि जाड इन्सुलेशन गाळण्याचाही त्या वजनात वाटा आहे. आत किलोकिलोने सामान चढवणारे उपाय म्हणूनच नकोत.

कटिंग_चहा:

एनडीच्या कपहोल्डरपासून सुरुवात करतो, कारण पहिली तक्रार बहुतेकांची हीच असते. दोन सुटे कप असतात. प्रत्येकाला खाली एक चपटी जीभ असते आणि ती खाचेत बसते. दोन खाचा सीटच्या मध्ये मागे, एक प्रवाशाच्या गुडघ्याशी कन्सोलच्या कडेला. मागच्या खाचेत कप असला की गिअर टाकताना कोपर लागतं, आणि चालत्या गाडीत तिथला कप बघून उचलता येत नाही. पुढच्या खाचेत हाताशी येतो, पण प्रवाशाच्या गुडघ्याला टोचतो.

एकटे असाल तर पुढे लावा, सोबत कुणी असेल तर मागे.

जीभ खाचेत सैल असल्यामुळे कप डुगडुगतो आणि खडबडीत रस्त्यावर टकटक वाजतो. जिभेच्या दोन्ही बाजूंना वायरिंगला गुंडाळतात ती कापडी फेल्ट टेप, १९ मिलिमीटर रुंदीची, एकेक पदर लावा. दोन पदर लावलेत तर जीभ आत जात नाही आणि जोर केला की खाचेची कड पांढरी पडते. उंच स्टीलची बाटली तर ठेवूच नका. सगळा भार त्या एका जिभेवर तरफेसारखा येतो. अर्धा लिटर ही मर्यादा समजा.

कागदपत्रं:

एनडीला ग्लोव्हबॉक्स नाही. त्याऐवजी दोन्ही सीटच्या पाठींमध्ये किल्लीने बंद होणारा कप्पा आहे. ड्रायव्हरला बसल्या बसल्या तो उघडायचा तर खांदा पिळवटतो. विमा आणि नोंदणीचे कागद पातळ पाकिटात घालून सीटमागच्या उथळ कप्प्यात ठेवणं सोयीचं. कुलपाच्या कप्प्यात मौल्यवान वस्तू ठेवा. त्यासाठी लागणारी धातूची किल्ली रिमोटच्या आतच असते, ती एकदा बाहेर काढून बघून ठेवा.

कापडी टपाच्या गाडीत आत काही दिसेल असं ठेवू नका, आणि अनोळखी जागी लावताना दारं कुलूपबंद न करणारे बरेच मालक आहेत. चोराने दार उघडून रिकामी गाडी बघणं परवडतं, टप फाडून बघणं परवडत नाही. विम्याच्या अटी मात्र आधी वाचा.

डावा_हात:

एनडीत स्क्रीन चालवायचं गोल बटण आणि त्याच्या शेजारचं आवाजाचं लहान बटण, दोन्ही गिअरच्या दांड्यामागे, तळहाताच्या गादीखाली येतात. दुसऱ्या-चौथ्या गिअरला हात मागे आला की आवाज बदलतो, किंवा दाबला जाऊन म्यूट होतो. दांड्याचा गोळा वरून मुठीत धरण्याऐवजी कडेने धरा. दुसऱ्या-चौथ्याला ओढताना मनगट उचललेलं राहतं. आवाजासाठी स्टिअरिंगवरची बटणं वापरा. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

गाडी ताशी साधारण ८ किलोमीटरच्या पुढे गेली की स्क्रीनचा स्पर्श बंद होतो आणि गोल बटणावरच काम भागवावं लागतं. हे मुद्दाम तसं ठेवलंय, तो बिघाड नाही.

उलटा प्रकारही होतो. जुन्या ७ इंची स्क्रीनचा स्पर्श-थर वर्षानुवर्षं उन्हात तापून खराब झाला की कुणी हात न लावता मेनू आपोआप उघडत राहतात. पूर्ण स्क्रीन बदलण्याआधी एक करून बघा: स्क्रीन उतरवून मागची स्पर्शाची चपटी पट्टी तेवढी सोडवा. चित्र आणि गोल बटण चालू राहतं, स्पर्श तेवढा कायमचा जातो. खर्च शून्य. स्क्रीन उतरवताना प्लास्टिकचीच पात वापरा, स्क्रू ड्रायव्हरने डॅशवर ओरखडा हमखास पडतो.

उघडा_टप:

याला जोडून: आधीच्या एनडीत कारप्ले (आयफोनची अ‍ॅप्स गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) नसेल तर कंपनीचा जोडसंच मिळतो. त्यात नवा यूएसबी हब आणि दोन केबल असतात. जुना हब काढून केबल कन्सोलमधून स्क्रीनमागच्या यंत्रापर्यंत न्यायच्या असतात. आधी सॉफ्टवेअर पुरेसं नवं आहे का ते बघा, नाहीतर सगळं उघडून जोडल्यावर काहीच दिसत नाही. क्लिप तुटतात, चार-पाच जादा आणून ठेवा.

सहा_फूट:

२०१८पर्यंतच्या एनडीत स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे नाही. २०१९पासून ३० मिलिमीटर पुढे-मागे सरकतं. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात उंच माणसाला पाय सरळ ठेवले तर हात ताणावे लागतात आणि हात बरोबर ठेवले तर गुडघे वर येतात, आणि तो तिढा याच तीन सेंटिमीटरांनी सुटतो. २०१८ आणि २०१९च्या गाड्यांत निवड असेल आणि उंची १८० सेंटिमीटरच्या वर असेल तर हे एक कारण २०१९ची घ्यायला पुरे आहे.

आधीची गाडी असेल तर सीटच्या बाजूचा उपाय उरतो. एनडीच्या ड्रायव्हर सीटची सगळी बैठक वर-खाली होत नाही, मांडीखालचा पुढचा भाग तेवढा उचलला जातो. तो पूर्ण खाली केला तर डोकं टपापासून थोडं सुटतं. तरी डोकं लागत असेल तर सीटचा फोम कापतात. गाडी बंद करून बॅटरी सोडा, निदान दहा मिनिटं थांबा, कारण सीटमध्ये एअरबॅगची जोडणी असते. मग सीटचे चार बोल्ट काढा, कव्हरच्या तळाच्या कड्या सोडा. बसायच्या हाडांखालचा फोम ब्रेडच्या सुरीने एका वेळी एक सेंटिमीटरच कापा, सीट बसवा, गाडी चालवून बघा. कडांचा फोम कापू नका. वळणावर तोच धरून ठेवतो.

प्रवाशाच्या सीटला हा उपाय करूच नका. अमेरिकेतल्या गाड्यांत त्या सीटमध्ये वजन ओळखणारी यंत्रणा असते. फोम बदलला की तिचा अंदाज चुकतो आणि समोरची एअरबॅग नको तेव्हा बंद राहू शकते.

वीस_पौंडी:

त्याच यंत्रणेमुळे आणखी एक. वाणसामानाच्या दुकानातून कणकेची २० पौंडांची पिशवी आणून शेजारच्या सीटवर ठेवली की गाडी तिला माणूस समजते आणि सीटबेल्टच्या पट्ट्याची घंटी घरापर्यंत थांबत नाही. पट्टा आधी लावा, मग पिशवी ठेवा. ती घंटी बंद करणारी नकली पट्ट्याची जीभ ऑनलाइन मिळते, ती घेऊ नका. पुढच्या वेळी माणूस बसेल तेव्हा इशाराच मिळणार नाही.

पन्हळ:

कापडी टपाच्या कुठल्याही मिआतात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निचऱ्याची आहे. बाकी कुरबुरी त्रासदायक असतात, ही गाडी कुजवते.

टपावरचं पाणी मागच्या कडेने एका रबरी पन्हळीत येतं. कौलारू घराची पन्हळ असते तशीच. तिथून ते दोन्ही कोपऱ्यांतल्या, पट्ट्याच्या खांबामागच्या भोकांत उतरून नळ्यांवाटे मागच्या चाकांपुढे गाडीखाली पडतं. झाडाखाली गाडी उभी राहिली की पाचोळा, पाइनच्या सुया आणि धूळ मिळून भोकाच्या तोंडाशी काळा, ओल्या चहापत्तीसारखा लगदा साठतो. तो बोटाला लागेपर्यंत दिसत नाही. मग पाणी सीटमागे आत उतरतं. पहिली खूण म्हणजे सकाळी आतून धूसर झालेल्या काचा आणि कुबट वास. ओला गालिचा हाताला लागतो तोवर उशीर झालेला असतो, कारण त्याखालचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो.

तपासणी अशी. सीट पुढे घ्या, टप अर्धा उचला, टॉर्च मारून कोपऱ्यातलं भोक शोधा. सुटा लगदा चमच्याने किंवा चिमट्याने उचला. तो ढकलू नका, खाली जाऊन घट्ट बसतो. मग पाव लिटर पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत ते गाडीखाली पडायला हवं. नाही पडलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, मीटरभर लांब. टोक लायटरने वितळवून गोल करा. पिळत पिळत आत सारा, मागे घ्या, पाणी ओता, पुन्हा सारा. खालचं तोंडही बघा, तिथे चिखल बसलेला असतो.

कडक तार नको, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. दाबाने नळी आतल्या सांध्यातून सुटते. वरून ओतलेलं पाणी मग नाहीसं होतं आणि निचरा मोकळा झाला असं वाटतं. प्रत्यक्षात ते दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठत असतं. ब्रिटनमध्ये एनए-एनबी बघताना जाणकार आधी मागच्या चाकांपुढचा तो पत्रा दाबून बघतात, त्यामागचं कारण हेच.

वर्षातून दोनदा: पानगळ संपली की, आणि वसंतात एकदा.

झिपवाली:

एनएबद्दल. मागची काच प्लास्टिकची असते (एनबीपासून खरी काच आली). टप खाली घेण्याआधी झिप उघडून ती सपाट पाडा, मगच टप दुमडा. थंडीत प्लास्टिक ताठरतं आणि घडीवर तडकतं, त्यामुळे गारठ्यात टप उघडायचाच असेल तर आधी हीटर लावून ते मऊ होऊ द्या. घडीत मऊ टॉवेल ठेवा. काचेचं अमोनियावालं द्रावण त्यावर मारू नका, दुधाळ होतं. झिपेला मेणबत्ती घासा.

विजेच्या काचा वर जायला फार वेळ घेत असतील तर मोटर बदलायची घाई नको. बहुतेकदा खोबणीतलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. दाराचं आतलं पॅनेल उतरवा, खोबण्या आणि रुळ पुसा, रबराला सिलिकॉन स्प्रे, धातूला नवं ग्रीस. केबलला धरणारे प्लास्टिकचे बुश तुटले असतील तर तेही बदला. पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा मात्र पुन्हा कडेकडेने नीट चिकटवा. तो पावसाचं पाणी दारातच अडवतो. तो न लावता पॅनेल बसवलं की पाणी आत येतं आणि दोष बिचाऱ्या टपाला लागतो.

उघडा_टप:

@पन्हळ यांच्या मुद्द्याला पुरवणी: अमेरिकेतल्या एनएत इंजिनाचा कॉम्प्युटर प्रवाशाच्या पायाशी, गालिच्याखाली असतो. तिथे ओल लागली तर आधी बॅटरी सोडा, मग गालिचा उचला. बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात सापडेल. तिला वायू बाहेर नेणारी नळी लागते, साधी बॅटरी तिथे बसवू नका.

खडखड:

टप खाली, वेग ८०च्या पुढे, शेजारची सीट रिकामी: मागून फडफड आणि प्लास्टिकवर टिकटिक. तो प्रवाशाचा सैल पट्टा असतो. रिकाम्या सीटवर पट्टा लावून टाका, संपलं.

बाकीचे आवाज शोधताना दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला द्या आणि तुम्ही तळहाताने एकेक पॅनेल दाबत जा. दाबल्यावर थांबला तर जागा सापडली. एकदा टप लावून, एकदा उघडून बघा, कारण टपाचा सांगाडा आणि डॅश यांचे आवाज कानाला सारखेच वाटतात. उपाय बहुतेक ठिकाणी तीच फेल्ट टेप. फेस भरून पोकळ्या बुजवू नका, पुढच्या वेळी पॅनेल उघडताना क्लिपा तुटतात.

फास्टबॅक:

एनडी आरएफचं कडक छत १३ सेकंदांत उघडतं, वेग ताशी १० किलोमीटरच्या आत असला तर. ते बंद असताना तुकड्यांच्या सांध्यांतून करकर येते, थंडीत जास्त. छत अर्ध्यात थांबवून सगळे रबरी सील ओल्या कापडाने पुसा, वाळू द्या, बोटाने फ्लोरिनयुक्त ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, तासाभराने जादाचं पुसा. पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं, ते नको. छत उघडून महामार्गावर कानामागे वारा घुमतो, तो मागच्या दोन खांबांमुळे. बाजूच्या काचा वर ठेवल्या की कमी होतो, पूर्ण जात नाही. घेण्याआधी ताशी १०० वर छत उघडून चालवून बघा.

डिकीवाले:

एनडीची डिकी १३० लिटरची. खोल आहे, पण तोंड अरुंद, त्यामुळे कडक सुटकेस जागा असूनही आत जात नाही. विमानात हाती नेतो त्या मापाच्या दोन मऊ बॅगा बसतात.

एनडीला जादा चाक नाही. पंक्चरचं द्रावण आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. द्रावणाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, जुनी गाडी घेताना ती वाचा. टायरच्या बाजूला चीर गेली असेल तर ते चालत नाही, फक्त तळव्यातल्या खिळ्याएवढ्या भोकाला चालतं. तळव्यासाठी स्क्रूसारखा आत जाणारा दोरा आणि त्याची टोचणी, असा संच मी त्याच कोपऱ्यात ठेवतो. वजन पाव किलोच्या आत, आणि टायरवाल्याला आतला चिकट चोथा धूत बसावं लागत नाही.