स्टेलरेटरच्या पिळलेल्या कॉइली: अक्कल की पैशाचा धूर?

वारणाकाठ
काल 'मिरजेचा वायंडर' यांनी लिहिलं, स्टेलरेटर म्हणजे जिलेबीला तार गुंडाळायचा उद्योग, अल्फा कण सांभाळायला संगणकावर वर्षानुवर्षं आकार घोटण्यापेक्षा गोल टोकामाक बरा. वाचून झोप उडाली. नवख्यांसाठी: दोन्ही यंत्रं सूर्यासारखी हलकी अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा काढायची, प्रचंड तापलेला वायू म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी धरून. टोकामाक गोल, स्टेलरेटर पिळलेला. लांबलं तर सोसा.

ड्युटेरियम-ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनची दोन जड रूपं, जुळली की १७.६ एमईव्ही (ऊर्जेचं माप) सुटतात. त्यातले १४.१ न्यूट्रॉन घेऊन जातो, त्याला चुंबक अडवत नाही. उरलेल्या ३.५ चा अल्फा, म्हणजे हेलियमचं केंद्र, आणि प्लाझ्मा स्वतःच्या आचेवर तापत राहायचा तो त्याच्याच जिवावर. हा गडी सेकंदाला १३,००० किलोमीटर पळतो. थंडावायला सेकंदाचा दशांश धरा, तेवढ्यात सांगली-दिल्ली हवाई अंतर झालं. तेही काही मीटर रुंदीच्या भांड्यात, भिंतीला न शिवता! जुन्या स्टेलरेटरात कण चुंबकी क्षेत्राच्या कमी तीव्रतेच्या खळग्यात अडकायचे आणि तिथूनच सरकत सरकत भिंतीवर जायचे. आकार घोटतात ते यासाठी. २०२२ मध्ये लँड्रमन आणि पॉल यांनी दाखवलं, की भांडं पिळलेलं असूनही योग्य आकार निवडला तर क्षेत्राची तीव्रता जवळजवळ अचूक सममित ठेवता येते. कणाला तीव्रतेशी मतलब, तुमच्या जिलेबीशी नाही. तुम्हाला कळलं नाही असं म्हणत नाही, वाचलंच नसणार.

मिरजेचा वायंडर
वाचलंय. कागदावर सममिती मीपण काढतो. कॉइल कोण वळणार? अमेरिकेत प्रिन्स्टनची एनसीएसएक्स ही स्टेलरेटर २००८ ला अर्ध्यात का बंद पडली? अचूकतेपायी खर्च आणि वेळ फुगला म्हणून. सव्वीस वर्षं मोटारी भरतोय मी. साध्या स्टेटरात वेढे चुकले तर साडेसातची मोटार घूं करत आठ दिवसांत परत दारात. संगणकावाल्यांच्या दारात कोण परत येतं?

वारणाकाठ
जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलस्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरच्या ५० वाकड्या कॉइली आकाशातून पडल्या का? २०१५ पासून चालू आहे. २०२३ मध्ये आठ मिनिटं प्लाझ्मा टिकला.

कऱ्हाडी भौतिकी
त्या आठ मिनिटांत अल्फा एकही नव्हता हो. तिथं ट्रिटियम वापरत नाहीत, अल्फाऐवजी जलद आयन (विद्युतभारित कण) सोडून अंदाज घेतात. शिवाय ते यंत्र तुमच्या सममितीवाल्या जातीचं नाही, त्याचं तत्त्व वेगळं. आणि वायंडरसाहेब, टोकामाकही साधा नाही. कॉइली मोजक्याच, त्यामुळं क्षेत्राला लाटा येतात, तिथूनही अल्फा निसटतात. वर प्लाझ्मातून वाहणारी वीज अचानक तुटली की सगळंच कोसळतं. खरी अडचण वेगळीच. प्रत्येक आकारात हजारो कण सोडून माग काढणं महाग, म्हणून आधी स्वस्त गणितावर आकार गाळतात. ते गणित फसलं तर पुढं सगळं चुकीच्या वाटेला.

शिराळ्याचा आबा
गणित राहू द्या. रात्री एकला थ्री फेज येते, उसात बिबट्या बसलाय, पाणी पाजायला मी जाऊ का अल्फा?

मिरजेचा वायंडर
आबा, एकदम सगळ्या मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो, वायंडिंग जळतं. माझा धंदाच त्यावर. खोटं कशाला बोलू.

कऱ्हाडी भौतिकी
विषय काय चाललाय?

शिराळ्याचा आबा
विषय विजेचाच! कोयनेचे १९६० मेगावॉट आमच्या शेजारच्या डोंगरात. धरणात गावं गेली, त्यात माझ्या आजीचं माहेर होतं. तिच्या भावाच्या घरात दिवा आला तेव्हा म्हातारी अंधारात वारली होती. उद्या तुमच्या सूर्याचं पण तेच. वीज इथली, उजेड लांब.

वारणाकाठ
आबा, कळतंय. पण म्हणून संशोधन थांबवायचं?

शिराळ्याचा आबा
थांबवा म्हटलं का मी? तोंडात शब्द घालू नका. शहरात बसून वारणाकाठ नाव लावलंय नुसतं!

वारणाकाठ
मी कुंडलला राहतो. माझाही फिडर रात्रीचाच आहे.

कऱ्हाडी भौतिकी
कुंडल वारणेकाठी कधीपासून?

वारणाकाठ
आजोळ वारणेचं. झालं समाधान?

मिरजेचा वायंडर
बरं. अल्फाचं पटलं, जिलेबी मागं घेतो. कॉइल सोपी करणं आणि कण धरणं ही दोन्ही गणितं एकाच वेळी मांडतात का, एवढं सांगा.

कऱ्हाडी भौतिकी
मांडतात आता. आकार आधी, कॉइल मागून, ही जुनी पद्धत होती.

मिरजेचा वायंडर
म्हणजे वायंडरला विचारायला लागले. उपकार झाले.

शिराळ्याचा आबा
या आठवड्याला आमच्या भागात किती वाजता आहे, कुणाला कळलं का?

वारणाकाठ
सव्वाबारा. काठी आणि बॅटरी घेऊन जा, आबा.