प्रति: ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे
६०० चा यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर कॉम्प्युटर चालवणारा डबा) घेऊनही वीज गेली की कॉम्प्युटर लगेच बंद पडतो, असं तुम्ही लिहिलंय. त्या ६०० पुढे व्हीए (व्होल्ट-अँपिअर, वॅटहून वेगळं माप) लिहिलंय का, आधी ते बघा. घरगुती स्वस्त यूपीएस बहुधा व्हीएच्या ६० टक्के वॅट झेपवतात, म्हणजे तुमचा झाला ३६० वॅटचा. ग्राफिक्स कार्डवर गेम चालू असेल तर कॉम्प्युटर सहज त्यापुढे जातो आणि यूपीएस मान टाकतो. खरा आकडा मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत असतो.

एवढा लोड नसेल, तर बॅटरी गेली असणार. आत बहुतेक वेळा १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ३ ते ५ वर्षं चालते, उकाड्यात त्याहून कमी. माझी फुगून आतच अडकली होती. मी ती ओढून काढली, ते चुकलंच. तुम्ही मेकॅनिककडे द्या. नुसती बॅटरी बदलून भागतं.

लेसर प्रिंटर यूपीएसवर नको, तापताना तो एकदम भरपूर वीज ओढतो. त्या जागी राउटर लावा, त्याला १०-१२ वॅट पुरतात.

आणि यूपीएससोबत येणारी, कॉम्प्युटरला जोडायची ती यूएसबी केबल! बहुतेकांकडे ती पिशवीसकट खोक्यातच पडलेली असते. ती जोडून सेटिंग केलं, की बॅटरी तळाला जायच्या आत कॉम्प्युटर आपला आपण नीट बंद होतो, तुम्ही घरी नसलात तरी. लहान मॉडेलना ते पोर्ट नसतंही, तेव्हा घेण्याआधी मागची बाजू बघून घ्या.