तारीख चुकली म्हणजे आरोपी फरार झाला का?

हडपसरचा गाडीवाला

माझ्या दोन टेम्पो गाड्या आहेत, फर्निचरची भाडी मारतो. गेल्या वर्षी माझ्या ड्रायव्हरकडून सोलापूर रोडवर एका दुचाकीवाल्याला धडक बसली, त्यांचा पाय मोडला. गुन्हा दाखल झाला, जामीन झाला, पंधरा हजाराला जामीनदार मी राहिलो. आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, प्रतिज्ञापत्र, सगळं दिलं.

पहिल्या दोन तारखांना पोरगा वेळेआधी हजर होता. तिसऱ्या वेळी साहेब रजेवर. पुढची तारीख बोर्डापाशी गर्दीत कुणीतरी सांगितली, ह्याने बावीस ऐकली, होती बारा. त्याच्या पुढच्या तारखेला आईचं ऑपरेशन म्हणून हा अहमदपूरला. झालं, अजामीनपात्र वॉरंट निघालं. गुरुवारी रात्री साडेदहाला खोलीवरून नेलं आणि रात्रभर लॉकअपमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाचशे रुपये भरून वॉरंट रद्द झालं. मला मात्र नोटीस आली आहे: मुचलक्याची रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये, कारण दाखवा.

चूक त्याची आहे, मान्य. पण ज्याची खोली माहीत, मालक माहीत, जो स्वतःच्या पायाने दोनदा कोर्टात आला, त्याला आणि पोलिसांच्या हाताला हिसडा देऊन पळणाऱ्याला एकच वागणूक का? वॉरंटआधी एक फोन करणं, एक साधं समन्स पाठवणं शक्य नव्हतं का?

मंजिरी, कोथरूड

दादा, तुमच्या ड्रायव्हरबद्दल वाईट वाटलं. आता दुसऱ्या बाजूचं ऐका.

माझा भाऊ २०१६ साली बायपासवर डंपरखाली गेला. जागेवरच. चालकाला जामीन मिळाला. तीन तारखांना आला, चौथ्यापासून नाही. पहिलं वॉरंट निघालं तेव्हा वकिलाने अर्ज दिला, 'प्रकृती ठीक नव्हती', वॉरंट रद्द. दुसऱ्यांदा पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तो खरंच गेला. पत्त्यावर कुलूप. जामीनदाराला शोधायला गेले तर त्या नावाचं त्या घरात कुणी राहतच नव्हतं. २०१९ मध्ये फाईल डॉर्मंटला गेली. आरोपी सापडला तर खटला पुन्हा उघडणार, तोवर कपाटात.

अपघात डोळ्यांनी पाहिलेले दोघंच. चहाच्या टपरीवाले काका २०२१ मध्ये वारले. त्यांची साक्ष झालीच नव्हती. दुसरे आता नाशिकला असतात.

मी प्रत्येक तारखेला अर्धी रजा टाकायचे. आई घरी देवापाशी बसून असायची. ह्या तारखा कोण मोजतं? जामिनावर सुटून न येणं हा वेगळा गुन्हा आहे हे मला पाच वर्षांनी कळलं. तो कधी दाखल झाला नाही, कुणी मागितलाही नाही. पहिल्याच वेळी कडक वागले असते तर तो आज सापडला असता. म्हणून माझं मत तुमच्या उलट आहे. पहिलं वॉरंट हलकं घेतलं की दुसरं कुणी जुमानत नाही.

काळा कोट, शिवाजीनगर

फौजदारी वकिली करते. दोघांच्या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, म्हणून आधी त्या सोडवते.

पोलिसांच्या ताब्यातून पळणं: भारतीय न्याय संहितेचं कलम २६२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय कोर्टात न येणं: कलम २६९, एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हे २२९-अ होतं, २००५ च्या दुरुस्तीने आलेलं. आणि फरारी म्हणून जाहीरनामा निघाल्यावरही न येणं: कलम २०९, तीन वर्षांपर्यंत, 'घोषित अपराधी' ठरवलं असेल तर सात वर्षांपर्यंत. पळून जाण्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, तारखेला न येण्याचा मात्र अजामीनपात्र. शिवाय 'पुरेसं कारण' होतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकलाय. आईच्या ऑपरेशनची कागदपत्रं नसतील तर माणूस खरं बोलत असूनही अडकतो. म्हणून न्यायालयं २६९ सहजासहजी लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं.

वॉरंटबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी खटल्यात पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि माणूस मुद्दाम टाळतोय अशी खात्री पटली तरच अजामीनपात्र. दादांच्या बाबतीत मधली पायरी गाळली असेल तर तक्रारीला जागा आहे.

दादा, नोटिशीला घाबरून गप्प बसू नका. उत्तर द्या. आरोपी आता हजर आहे, तारीख का चुकली, ऑपरेशनचे कागद, सगळं जोडा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४९१ खाली न्यायालय ह्या मुचलक्याच्या रकमेचा काही भाग माफ करू शकतं. उत्तर न देता रक्कम थकवली तर जप्ती, आणि त्यातूनही वसुली झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आणि त्याच्यावर भरवसा उरला नसेल तर कलम ४८९ खाली जामीनदारकीतून मोकळं होण्याचा अर्ज कधीही देता येतो.

निवृत्त हवालदार

तीस वर्षं खात्यात होतो, शेवटची सहा वर्षं समन्स-वॉरंट बजावणीला. वकीलबाईंचा कायदा बरोबर आहे, पण कागद रस्त्यावर कसा चालतो ते मी सांगतो.

धनकवडी-कात्रजला भाड्याच्या खोल्या. अकरा महिन्यांनी माणूस बदलतो. शेजारी म्हणतात गावी गेला. आम्ही 'मिळून आला नाही' असा अहवाल देतो, पुढची तारीख पडते. कधी परजिल्ह्यात एसटीने जाऊन, रात्र काढून माणूस आणायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाचशे रुपये भरून आमच्या आधी फाटकाबाहेर पडायचा. दहादा असं झालं की अकराव्यांदा पोलीसही मन लावून शोधत नाही. हे चुकीचं आहे, पण घडतं.

कैदी पार्टीच्या, म्हणजे आरोपीला ने-आण करणाऱ्या पोलिसांच्या हातून आरोपी निसटला तर मात्र त्याच दिवशी गुन्हा, आणि शिपायावरही हलगर्जीपणाचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ससूनमधून अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला आरोपी पळाला तेव्हा बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले, राज्यभर शोध लागला, काही दिवसांत तो पकडला गेला. मंजिरीताईंच्या आरोपीसाठी त्यातला एक दिवसही कुणी दिला नसेल. मी ताईंच्या बाजूचा. पहिल्या चुकीला माफी द्या, दुसऱ्या वेळी २६९ लावाच.

सायली, पाषाण

काका, असा सरसकट नियम केला तर तो कुणावर पडेल ते पाहा. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या कामातून येरवड्याला जाते. तिथे जामीन मंजूर होऊनही आत बसलेली माणसं भेटतात, कारण पुण्यात त्यांना जामीनदारच नाही. १९७८ साली मोतीराम खटल्यात गवंडीकाम करणाऱ्या माणसाला दहा हजाराचा जामीन सांगितला होता आणि त्याचा भाऊ परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सांगावं लागलं: एका महिन्यात जामिनाची पूर्तता झाली नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करायचा विचार करावा.

स्थानिक आणि ऐपतदार जामीनदाराचा हट्ट धरला की लोक भाड्याने माणूस आणतात. मंजिरीताईंना त्या पत्त्यावर कुणी सापडलं नाही, ते ह्यातूनच आलं असणार.

मंजिरी, कोथरूड

सायली, मोतीराम गवंडी होता. माझ्या भावाला उडवणाऱ्याचा डंपर स्वतःच्या मालकीचा होता. गरिबासाठी बनवलेली सवलत त्याला का मिळावी? जामीनदाराचे कागद खरे आहेत का हे तपासायला गरिबी आड येत नाही. एक माणूस पाठवून पत्ता बघायचा होता.

सायली, पाषाण

कागद तपासण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथे माझा विरोध नाही. पण आरोपी कोण आहे हे न बघता लावलेल्या नियमाला माझा विरोध कायम आहे.

हडपसरचा गाडीवाला

काल उत्तर दाखल केलं, ऑपरेशनचे कागद जोडले. सुनावणी पुढच्या महिन्यात. ड्रायव्हरच्या मोबाईलवर ई-कोर्टचं ॲप टाकून दिलंय, खटल्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक) घालून. आता तारीख बोर्डापाशी विचारायला नको.

मंजिरीताई, तुमचं वाचून दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. तरी वॉरंटआधी समन्स हवं ह्या म्हणण्यावर मी ठाम आहे. पण दुसऱ्यांदा खोटी आजारपणं सांगणाऱ्याला सोडू नये, हे काकांचं पटलं.

मंजिरी, कोथरूड

वकीलताई, एक विचारते. आरोपी नसताना खटला चालवायची सोय नव्या कायद्यात आलीय म्हणतात. आमच्यासाठी काही?

काळा कोट, शिवाजीनगर

ती सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ची. ती घोषित अपराध्यासाठी आहे, म्हणजे दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात. निष्काळजीपणाने मृत्यूच्या जुन्या कलमात शिक्षा दोन वर्षांपर्यंतच होती, त्यामुळे ते दार तुम्हाला बंद आहे.

पण दुसरं एक दार आहे. तुमचा खटला जुना, म्हणून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९९ बघा. आरोपी फरार आहे आणि लगेच सापडण्याची शक्यता नाही हे न्यायालयात दाखवता आलं, तर त्याच्या गैरहजेरीत साक्षीदाराचा जबाब नोंदवून ठेवता येतो. उद्या आरोपी मिळाला आणि साक्षीदार हयात नसला तरी तो जबाब पुराव्यात वाचता येतो. टपरीवाल्या काकांच्या वेळी हे कुणीतरी मागायला हवं होतं. नाशिकच्या साक्षीदारासाठी अजून मागता येईल. अर्ज सरकारी वकिलांमार्फत जाईल, तुमचा वकील त्यांना मदत करू शकतो.

मंजिरी, कोथरूड

नाशिकचे काका चौसष्ट वर्षांचे आहेत. आत्ताच फोन केला, यायला तयार आहेत. सोमवारी काय काय घेऊन जाऊ?

काळा कोट, शिवाजीनगर

रोजनाम्याची (कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्या नोंदवहीची) सही-शिक्क्याची नक्कल काढायला अर्ज द्या, त्यात प्रत्येक वॉरंटची नोंद असेल. 'मिळून आला नाही' असे जेवढे अहवाल आलेत त्यांच्याही नकला घ्या. काकांचा आत्ताचा पत्ता आणि आधारची प्रत. नकलांच्या खिडकीवर गर्दी असते, सकाळी अकराच्या आत या.