लिनक्स कर्नल चालू असताना फर्मवेअरला कॉल कसा करतो?

सातरस्ता_पोरगं: सोलापूरकरांनो, एक अडलंय. लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, ईएफआयबूटएमजीआर कमांडनं बूटचा क्रम बदलला, डिस्क काढून दुसरी लावली तरी क्रम तसाच. म्हणजे ते मदरबोर्डवरच्या चिपमधे जातंय ना? मग कर्नल (लिनक्सचा गाभा) फर्मवेअरला (त्या चिपमधल्या प्रोग्रामला) बोलवतो कसा, जुन्या बायोससारखा इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच थांबवणारा इशारा) देऊन का?

पार्कचौक_कट्टा: इंटरप्ट नाही भावा. ते बायोसचे कॉल १६ बिट रिअल मोडमधले, ६४ बिट कर्नलला थेट जमत नाहीत. यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर, फंक्शन पॉइंटरचा (फंक्शनच्या पत्त्यांचा) तक्ताच देतं. कर्नल ताबा घेताना एक्झिटबूटसर्व्हिसेस कॉल होतो, बूट सर्व्हिसेस (फक्त सुरू होतानाची फंक्शन) तिथंच संपतात, पण रनटाइम सर्व्हिसेसचा (नंतरही बोलवता येणाऱ्या फंक्शनचा) कोड रॅममधे राहतो आणि कर्नल त्या जागेला हात लावत नाही. तू क्रम बदललास की सेटव्हेरिएबल कॉल होतं, फर्मवेअर फ्लॅशमधे लिहितं.

होटगीरोड: यातला भारी भाग राहिलाच की! कर्नलचा सी कोड फंक्शनला द्यायची पहिली किंमत, म्हणजे आर्ग्युमेंट, प्रोसेसरच्या आरडीआय रजिस्टरमधे देतो, यूईएफआयला मायक्रोसॉफ्टची पद्धत लागते, म्हणजे पहिलं आरसीएक्स, दुसरं आरडीएक्स रजिस्टरमधे, शिवाय स्टॅकवर (कॉलसाठीच्या तात्पुरत्या मेमरीत) ३२ बाइट मोकळे. म्हणून मधे असेंब्लीचा छोटा तुकडा असतो, तो नक्की वाच. शिवाय कॉलपुरतं पेज टेबलही (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) वेगळं लावतात, फर्मवेअरवर आंधळा भरवसा नको म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

सातरस्ता_पोरगं: आणि फर्मवेअरच गंडलेलं असलं तर?

पार्कचौक_कट्टा: बूट करताना ईएफआय=नोरनटाइम दे. बूटचा क्रम बदलता येणार नाही, मशीन मात्र चालेल. आणि ईएफआयव्हार्स फोल्डरमधलं (तिथं फर्मवेअरची व्हेरिएबल फाइलसारखी दिसतात) काही डिलीट करू नको राव, काही मशीन त्यानं कायमच्या बंद पडल्यात.