पंचाच्या निर्णयावर पालकांनी तोंड उघडावं का? (मुलींचा सॉफ्टबॉल)

पिचरची आई
माझी मुलगी बारा वर्षांखालच्या संघात खेळते. गेल्या सामन्यात शेवटच्या इनिंगला आमची तिसऱ्या बेसवरची रनर होम प्लेटकडे, म्हणजे रन पूर्ण होतो त्या शेवटच्या बेसकडे, सुटली. कॅचरने टॅग लावण्याआधी, म्हणजे बॉल हातात धरून तिला स्पर्श करण्याआधी, तिचा पाय प्लेटवर पोचला होता, हे मी शपथेवर सांगेन. पंचाने आऊट दिलं. मी जाळी धरून ओरडले, "डोळे उघडे ठेव!" पंच सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता.

लगेच माझी लेक बॅटिंगला आली. प्रत्येक पिचनंतर (पिचरने टाकलेल्या बॉलनंतर) ती कोचकडे न बघता माझ्याकडे बघत होती. दोन सरळ स्ट्राइक, म्हणजे मारता येण्याजोगे बॉल, तिने बॅट न हलवता सोडले.

आता क्लबमध्ये प्रस्ताव आलाय की पालकांनी होम प्लेटमागे बसायचंच नाही, आऊटफिल्डच्या कुंपणापलीकडे बसायचं आणि निर्णयावर फक्त कोचने बोलायचं. माझा पाठिंबा आहे. तुम्हाला काय वाटतं?

तिसरा बेस
पूर्ण असहमत. ताई, तुमची चूक तुम्ही मान्य केलीत हे चांगलंच, पण त्याची शिक्षा सगळ्या पालकांना कशाला? माझ्या मुलीच्या सामन्यात समोरची कॅचर हातात बॉल नसताना प्लेट अडवून उभी राहायची. एकदा नाही, तीनदा. पंचाने एकदाही ऑब्स्ट्रक्शन (रनरची वाट अडवणं) दिलं नाही. तिसऱ्या वेळी माझी मुलगी तिच्यावर आदळली आणि गुडघा सुजला. मी ओरडलो म्हणून कोच उठला. शिस्त म्हणून गप्प बसलो असतो तर चौथी टक्कर झाली असती.

निळा शर्ट
मी बरीच वर्षं मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. त्या कॅचरच्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. पण ऑब्स्ट्रक्शन झालं की आम्ही खेळ तिथेच थांबवत नाही. डावा हात आडवा, मूठ बंद, आणि तेवढी खेळी संपेपर्यंत वाट पाहायची. हात तसा आडवा असतानाच पालक "अंपायर झोपलाय का" म्हणून ओरडतात, हे मी कित्येकदा अनुभवलंय. त्या दिवशी तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही.

दुसरं, बहुतेक सामन्यांना आम्ही एकटेच असतो. पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही, हा नियम. म्हणजे एका डोळ्याने पिचरचा हात आणि दुसऱ्याने रनरचा पाय बघायचा, आणि तेवढ्यात बॉल स्ट्राइक झोनमधून, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून, गेला का हेही ठरवायचं. पहिल्या बेसवर जवळचा निर्णय असेल तर नजर पायावर ठेवतो आणि बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानाने ऐकतो. त्याच क्षणी मागून चाळीस माणसं किंचाळत असतील तर तो आवाज येणार कसा?

आणि फाऊलबद्दल, म्हणजे मारलेला बॉल बाजूच्या रेषेबाहेरचा धरण्याबद्दल. फिल्डरचे पाय रेषेबाहेर होते म्हणून फाऊल, असं होत नाही. हात लागला तेव्हा बॉल कुठे होता ते बघतात. यावरून माझ्याशी सगळ्यात जास्त भांडणं झाली आहेत.

तिसरा बेस
आवाजाचं पटलं. पण दादा, निर्णय जजमेंटचा, म्हणजे पंचाच्या नजरेचा, असेल तर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) करता येत नाही. प्रोटेस्ट फक्त नियम चुकीचा लावला तर, आणि तोही पुढचा पिच पडायच्या आत. मग जजमेंटमध्ये सारखं चुकणाऱ्या पंचाला कुणी, कधी सांगायचं?

स्कोअरबुक
२ जून २०१० आठवा. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला पिचर अर्मांडो गॅलारागा याचा परफेक्ट गेम (समोरच्या एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता संपवलेला सामना) पूर्ण व्हायला एक आऊट हवा होता. पहिल्या बेसवर पंच जिम जॉयस यांनी आऊट असलेल्या रनरला सेफ दिलं. नंतर त्यांनी रडत चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी गॅलारागा स्वतः त्यांच्याकडे लाइनअप कार्ड (संघाच्या खेळाडूंची यादी) घेऊन गेला. ज्याचं सगळं गेलं तो असा वागू शकतो, तर आपल्याला एका इनिंगसाठी काय होतं?

तिसरा बेस
उदाहरण अर्धंच सांगताय. २०१४ पासून मेजर लीगने रिप्ले, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणं, खूप वाढवला. चूक सुधारायची सोय केली, नुसतं मोठ्या मनावर भागवलं नाही. आमच्या मुलींसाठी सोय कुठली? लांबचं कुंपण?

कॅचर, वय १५
मी खेळते म्हणून लिहिते. पंच माझ्या पाठीमागे एका हातावर असतो. पिचला स्ट्राइक न देता "बॉल" (झोनबाहेरचा) दिला की मी मान न वळवता हळूच विचारते, "खाली होता का?" तो म्हणतो, "बाहेर." मग मी पिचरला तसं दाखवते. एका इनिंगमध्ये त्याचा झोन कळतो. पण कुणाचे तरी बाबा ओरडले की तो बोलायचंच बंद करतो. मग मला काहीच कळत नाही.

आणि प्लीज "पळ, पळ" ओरडू नका. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला की एरवी बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकते, पण पहिल्या बेसवर रनर असेल आणि दोन आऊट नसतील तर बॅटर आऊटच असते. आमच्या संघातली एक मुलगी आईचं ऐकून धावली, तिला बघून पहिल्या बेसवरची रनर उगाच पुढे सुटली आणि टॅग झाली. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

निळा शर्ट
बाळा, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस.

स्कोअरबुक
अमेरिकेत न्यू जर्सीतल्या डेप्टफर्ड लिटल लीगने (मुलांच्या बेसबॉल लीगने) २०२३ मध्ये नियम केला. पंचाशी गैरवर्तन केलेल्या प्रेक्षकाने आधी तीन सामन्यांत पंचगिरी करायची, मगच परत बघायला यायचं. आपल्याकडेही असंच हवं.

पिचरची आई
शिक्षा म्हणून नको. चिडलेला माणूस बारा वर्षांच्या पोरींच्या सामन्यात पंच म्हणून उभा राहिला तर त्यात पोरींचं काय भलं? पण सरावाच्या सामन्यात मी स्वतःहून उभी राहणार आहे. कोचशी बोलले आहे.

तिसरा बेस
ताई, उभ्या राहा, मीही येतो. कुंपणापलीकडेही बसेन. पण माझ्या दोन अटी प्रस्तावात लिहून घ्या. सामन्यानंतर दोन्ही कोचनी पंचाबद्दल लेखी अभिप्राय द्यायचा आणि पंचांची नेमणूक करणाऱ्याने तो वाचून पंचाशी बोलायचं. आणि टक्कर, डोक्याला मार, असं काही दिसलं तर कुठल्याही पालकाने खेळ थांबवायला सांगितलं तरी ते गैरवर्तन धरायचं नाही. हे नसेल तर माझं मत विरोधात.

निळा शर्ट
दुसरी अट आजच मान्य. पहिलीत एक भर घाला, अभिप्राय त्याच रात्री लिहायचा नाही. हरलेल्या रात्रीचे कागद मी वाचले आहेत.

तिसरा बेस
दोन दिवसांनी चालेल. त्याहून उशीर नको.