मदत हवी आहे: पोटॅशियमचा १९ वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का?

मुलगी नववीत आहे. काल तिला अणूची संरचना शिकवताना मीच अडकले. पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ इलेक्ट्रॉन मावतात, हे तिला पाठ आहे. मग पोटॅशियमचं संरूपण (कवचांमधली इलेक्ट्रॉनांची वाटणी) २, ८, ९ का नाही? २, ८, ८, १ का? बाह्यतम कवचात ८ पेक्षा जास्त नसतात, असं मी सांगितलं. "पण का नसतात?" यावर मी गप्प. ४एस (चौथ्या कवचातलं एक उपकवच, म्हणजे कवचाचा छोटा भाग) ची ऊर्जा ३डी (तिसऱ्या कवचातलं उपकवच) पेक्षा कमी, म्हणून ते आधी भरतं, हे बारावीतलं मला आठवतंय, पण उपकवचं तिला अजून शिकवलेली नाहीत. शिवाय स्कँडियमपासून (अणुअंक २१) तिसरं कवच पुन्हा भरायला लागतं, म्हणजे जागा होतीच! तिला पटेल असं एखादं चित्र किंवा उदाहरण कुणी सुचवेल का? नुसता नियम पाठ करून घ्यायचा नाहीये.